३४ वर्षं एकाच बांधकामावर: त्रॉनहाइमहून आप्पांना पत्र

त्रॉनहाइम, नॉर्वे
नोव्हेंबर अखेर

ती. आप्पा आणि सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं काय ते आईने फोनवर सांगितलंच होतं. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीत, यावरून दुखणं बरंच असावं. चढ-उतार कमी करा एवढं सांगते आणि मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही पहिलं पान वाचायचंच नाही.

मी इथल्या मोठ्या चर्चचा फोटो पाठवला तर तुमचं उत्तर काय, "फोटो छान आहे, पण दगड कुठला, सांधे कशाने भरलेत, काम कुणी केलं, यातलं काहीच कळत नाही." आईने मात्र देवाला नमस्कार केलास का एवढंच विचारलं. तिला सांगा, केला. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मात्र मला शोधावी लागली. इथे साडेतीनला अंधार पडतो, ऑफिस सुटल्यावर ग्रंथालय हाच एक उबदार उद्योग. तिथेच पुस्तकांत हे चर्च दुरुस्त करणारा क्रिस्ती नावाचा वास्तुविशारद सापडला आणि महिनाभर दुसरं काही वाचलं नाही. तुमच्या धंद्यातला माणूस, म्हणून त्याची हकिगत सविस्तर लिहिते.

आधी इमारत समजून घ्या. हिला निडारोसचं कॅथेड्रल म्हणतात. ओलाव नावाचा राजा १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला, पुढे त्याला संत मानू लागले, आणि त्याच्या थडग्यावर साधारण १०७० पासून हे बांधकाम सुरू झालं. तुम्हाला नकाशा डोळ्यांपुढे यावा म्हणून देवळाचेच शब्द वापरते. अगदी पूर्वेला थडग्याच्या जागेवर गाभारा, तोही अष्टकोनी. त्याच्या पुढे पश्चिमेकडे अंतराळासारखं लांब दालन. मग दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसा आडवा भाग, आणि जिथे हे दोन भाग एकमेकांना छेदतात तिथे वर मनोरा. त्याच्याही पश्चिमेला सभामंडप, आणि शेवटी मूर्तींनी भरलेली दर्शनी भिंत. एकूण लांबी १०२ मीटर. आडव्या भागाच्या कमानी गोल आहेत, कारण तो बाराव्या शतकात बांधला. पुढच्या पिढ्यांनी बांधलेल्या कमानी टोकदार, इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या चर्चसारख्या कामाची छाप असलेल्या. म्हणजे एकाच इमारतीत दोन घराणी नांदतात.

मग आगी लागत गेल्या. १५३१ ची आग सगळ्यात वाईट. तिच्यात सभामंडपाचं छप्पर गेलं ते गेलंच. तेवढ्यात धर्मसुधारणेची लाट आली, १५३७ मध्ये इथल्या आर्चबिशपची गादी मोडली, संताची चांदीची पेटी डेन्मार्कला नेऊन वितळवली, यात्रेकरू बंद, उत्पन्न बंद. गावाला एवढी इमारत सांभाळणं झेपेना. त्यांनी पूर्वेकडचा भाग कसाबसा शाकारून वापरात ठेवला आणि पश्चिमेचा सभामंडप उघडा पडू दिला. १७०८ आणि १७१९ मध्ये पुन्हा आगी. एकोणिसाव्या शतकात आलेल्या माणसाला दिसे ते असं: बुटक्या छपराचा मनोरा, आत लाकडी सज्जे, आणि पश्चिमेला नुसत्या भिंती.

दुरुस्तीचं मनावर घेतलं त्यामागे श्रद्धेइतकंच राजकारण होतं. नॉर्वे चारेक शतकं डेन्मार्कच्या हाताखाली होता, १८१४ नंतर स्वीडनशी बांधला गेला. त्या वर्षी झालेल्या राज्यघटनेने ठरवलं की राजाचा राज्याभिषेक त्रॉनहाइमच्या याच चर्चमध्ये व्हायचा. राजा स्वीडनचा, पण मुकुट इथे. अशी अट घातल्यावर इमारत पडकी ठेवून कशी चालेल? शिवाय स्वतंत्र राज्य होतं तेव्हाची एवढी मोठी खूण दुसरी नव्हती. १८५९ मध्ये पी. ए. मुंक या इतिहासकाराने आणि शिर्मर या वास्तुविशारदाने मिळून या चर्चवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. हा शिर्मर मूळचा जर्मनीतल्या लाइपझिगचा. १८६९ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा तोच प्रमुख होता. त्याने पहिल्यांदा बाजूचं सभागृह हातात घेतलं, ते १८७२ मध्ये पुरं झालं, आणि त्याच वर्षी सूत्रं क्रिस्तीकडे आली.

क्रिस्तियान क्रिस्ती. जन्म बर्गनचा, १८३२. नॉर्वेत तेव्हा वास्तुकला शिकवणारी उच्च संस्थाच नव्हती, त्यामुळे होतकरू पोरं जर्मनीत जात. हाही हानोव्हरच्या तंत्रशाळेत शिकला. (नॉर्वेतली पहिली तशी संस्था १९१० मध्ये सुरू झाली, आणि तीही याच त्रॉनहाइमात, टेकडीवर. क्रिस्ती तोवर गेलेला होता.) हानोव्हरला तेव्हा हासे नावाच्या शिक्षकाचा दबदबा होता. त्याचं सांगणं थोडक्यात असं की भिंत ज्या पदार्थाची आहे तो दिसू द्या, गिलावा चढवून विटेला दगडाचं सोंग देऊ नका, आणि मध्ययुगातल्या कारागिरांनी इमारत कशी उभी केली ते आधी नीट शिका. तुम्ही आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला रंग लावू देत नव्हतात आणि आई त्यावरून धुसफुसायची, ते आठवलं. हासेशी तुमचं जमलं असतं.

परत आल्यावर क्रिस्तीने जुन्या इमारती मोजण्याचं काम धरलं. त्यालाही कारण होतं. १८५१ च्या एका कायद्याने चर्चमध्ये गावातल्या तीन दशांश लोकांना बसायला जागा असलीच पाहिजे असं ठरवलं. मध्ययुगातली लाकडी चर्चेस लहान, त्यामुळे गावोगाव ती पाडून नवी, ऐसपैस बांधायचा सपाटा लागला. पुरातन वास्तू जपणारी एक संस्था १८४४ पासून होती. निकोलायसेन नावाचा तिचा प्रमुख मोठा चिकट गृहस्थ. पाडणं थांबवता येत नसेल तर निदान पाडायच्या आधी मोजा आणि काढून ठेवा, हा या मंडळींचा बाणा. क्रिस्ती त्यांच्यातलाच. बॉर्गुनचं लाकडी चर्च, बर्गनचं मेरी चर्च अशी कामं त्याच्या हातून गेली. म्हणजे चाळिशीत तो त्रॉनहाइमला आला तेव्हा त्याची बोटं जुन्या दगडा-लाकडाला सरावलेली होती.

आणि मग तो इथेच राहिला. १८७२ ते १९०६. चौतीस वर्षं, एकच इमारत.

आता तुमचा पहिला प्रश्न, दगड कुठला. आपण बेलूर-हळेबीडला गेलो होतो तेव्हा तुम्ही तिथल्या खांबावर हात फिरवून म्हणाला होतात की आपल्या काळ्या पाषाणात हे कोरायला कुणाची छाती झाली नसती. इथला मुख्य दगड त्याच जातीचा. शंखजिऱ्याचा अंश असलेला, हिरवट-निळसर राखाडी, हाताला साबणासारखा गुळगुळीत, ताजा असताना नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. त्याबरोबर भिंतींना एक हिरवट पाटीचा दगड वापरलेला आहे, आणि कमानींच्या बाजूचे सडपातळ खांब संगमरवरी. क्रिस्तीच्या काळात नवा मऊ दगड बराचसा ग्रिटडालच्या खाणीतून आणला. मऊपणाचा फायदा नक्षीला. तोटा असा की खाणीत एक थर चांगला, शेजारचा ठिसूळ. शिरा ओळखता आल्या नाहीत की वीस-तीस हिवाळ्यांत पापुद्रे सुटतात. इथे पाणी दगडात मुरतं, रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. असा खेळ सगळा हिवाळाभर चालतो. आपल्याकडे दगडाला फक्त ऊन-पाऊस सोसावा लागतो.

उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, ओलावचा उत्सव असतो. तेव्हा चर्चशेजारच्या आर्चबिशपच्या वाड्यात जुन्या पद्धतीचा बाजार भरतो. तिथे एक पाथरवट ओंडक्यावर दगड ठेवून बसला होता. दाढीत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर सगळीकडे दगडाची पूड. एका हातात टाकी, दुसऱ्यात लाकडी मोगरी. तो मोगरी जोरात मारतच नव्हता. मनगटातून हलके, एकसारखे ठोके, टाकी तिरकी, आणि दर आठ-दहा ठोक्यांनी अंगठ्याने कड चाचपायची. पानाची एक शिर उठवत होता. मधेच थांबून त्याने टाकीच्या मागच्या बाजूने दगडावर टिचकी मारली, कान लावला, दगड फिरवला आणि पलीकडून सुरुवात केली. मी विचारलं, काय ऐकलंत? म्हणाला, आत भेग असेल तर आवाज बसका येतो. आप्पा, वाईच्या कामावर तुम्ही चिऱ्याला हातोडीने ठोकून ऐकायचात आणि मी आणि दादा तुमची नक्कल करायचो. त्याला मी हे सांगितलं तर त्याने विचारलं, तुमचे वडील कोणत्या दगडात काम करायचे? बेसॉल्ट म्हटल्यावर त्याने अशा काही भुवया वर केल्या की मला उगाचच अभिमान वाटला.

हा माणूस ज्या कार्यशाळेत काम करतो ती १८६९ ची. चर्चच्याच आवारात. शिर्मरने सुरू केली, क्रिस्तीने वाढवली, आणि आजतागायत एक दिवसही ती ओसाड पडलेली नाही. मला वाटतं क्रिस्तीची खरी कमाई हीच. सुरुवातीला दगडाचं असं बारीक काम येणारी माणसं देशात फारशी नव्हती, कारण तीनशे वर्षांत कुणी मोठी दगडी इमारत अशी घडवलीच नव्हती. हे लाकडात बांधणारे लोक. म्हणजे इमारत दुरुस्त करता करता कारागीरही घडवायचे होते. गवंडी, पाथरवट, मूर्तिकार, लोहार, प्लास्टरचे साचे काढणारे, असं एक गावच त्याने उभं केलं आणि पस्तीसेक वर्षं त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था लावली. पैसे देशाची संसद आणि देणगीदार देत. हे कसं असतं ते तुम्ही जाणताच: पुढच्या वर्षीचं काम मंजूर होईल की नाही याची खात्री नाही, आणि पाथरवट तर आजच हातचा जायला नको.

कामाचा क्रम मला सगळ्यात आवडला. पश्चिमेची दर्शनी भिंत लोकांच्या डोळ्यांत भरणारी. दुसरा कुणी असता तर त्याने वाहवा मिळवायला तिथूनच सुरुवात केली असती. पण तिथे पुरावा सर्वांत कमी होता. खालचे टप्पे तेवढे शिल्लक, वरच्या भागाचा आधार म्हणजे माशियुस नावाच्या माणसाने १६६१ मध्ये कोरलेलं एक चित्र. उलट पूर्वेचा गाभारा जळाला-पडला तरी त्याची बरीच रचना जागेवर होती. म्हणून काम पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकलं, जिथे जास्त कळतं तिथून जिथे कमी कळतं तिकडे. अष्टकोनी गाभारा १८७७ पर्यंत. लांब दालन १८९० मध्ये पुरं झालं. त्याला तर भिंती, कमानी, छत बरंच काही नव्याने बांधावं लागलं. मग आडवा भाग, मग मधला मनोरा आणि त्यावरचा उंच टोकदार कळस.

पद्धत अशी: एखादा मोडका नक्षीदार तुकडा मलब्यात किंवा भिंतीच्या पोटात सापडला की आधी त्याचं चित्र, मग प्लास्टरचा साचा, मग तो कुठल्या कमानीचा असू शकतो याचा शोध. जागा पक्की झाली की तोच नमुना धरून उरलेले घडवायचे. आगीनंतरच्या डागडुजीत जुने घडीव दगड भराव म्हणून भिंतीत उलटे चिणलेले असायचे. ते बाहेर काढल्यावर नक्षीची बाजू शाबूत निघायची. या भिंतींवर जुन्या पाथरवटांच्या खुणाही हजारोंनी आहेत, बाण, त्रिकोण, अक्षरासारख्या रेघा. मजुरी मोजायला आपापली खूण करत असावेत, असं इथले जाणकार म्हणतात. तुमच्या वहीत वडारांच्या टोळ्यांची नावं आणि पुढे उभ्या रेघा असायच्या ना, तेच काम.

पण क्रिस्तीला मी सगळंच माफ करत नाही. गाभाऱ्यात उभं राहून भिंत जवळून पाहिली की कळतं: काही दगड झिजलेले, कडा गोलसर, टाकीचे घाव वेडेवाकडे, आणि लगतचे अगदी पट्टीने आखल्यासारखे, कोरेकरकरीत. झिजलेले बाराव्या-तेराव्या शतकातले, कोरे त्याच्या काळातले. जिथे जुना दगड अजून शे-दोनशे वर्षं सहज टिकला असता तिथेही त्याने नवा बसवला. शिवाय अठराव्या शतकातले लाकडी सज्जे त्याच्या मते उपरे. ते निघाले. म्हणजे आग लागल्यावर ज्या गरीब पिढ्यांनी कशीबशी ही जागा चालती ठेवली, त्यांचं काम पुसून टाकलं आणि श्रीमंत पिढ्यांचं परत आणलं. हा त्या काळाचाच शिरस्ता होता. तरी त्याला विरोध करणारेही तेव्हाच होते. गाभारा पुरा झाला त्याच १८७७ मध्ये इंग्लंडात विल्यम मॉरिसने अशा दुरुस्त्यांविरुद्ध संस्था काढली. तिचं म्हणणं, जुन्या इमारतीला सांभाळा, तरुण करू नका. माझा कौल निम्मा मॉरिसला. निम्माच, कारण छप्पर गळत असताना नुसतं सांभाळा म्हणणं सोपं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या विशेष कामाची, सांधे कशाने भरलेत. जुने सांधे चुन्याचे. पण क्रिस्तीच्या काळात पोर्टलंड सिमेंट नवं आलेलं, सगळ्यांचा त्याच्यावर लट्टू होऊन विश्वास. त्याने ते वापरलं. जोडीला दगड दगडाला बांधायला लोखंडी पट्ट्या आणि खुंट्या. आता सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याची फळं दिसतात. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात उतरतात, पृष्ठभागाशी येऊन साठतात आणि पापुद्रा उचलतात. लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून फोडतं. चर्चच्या दक्षिणेच्या बाजूला राजाचं प्रवेशद्वार आहे, त्याची अलीकडे मोठी दुरुस्ती झाली. त्यात हीच दुखणी निघाली. मऊ दगडाच्या भिंतीत सांधाच सर्वांत कठीण झाला तर हालचाल झाली की तुटणार दगड. तुम्ही हे किती वर्षं सांगताय. आज त्याच कार्यशाळेतली माणसं क्रिस्तीचं सिमेंट खरवडून काढून पुन्हा चुना भरतात.

त्याच्या हाताखालची माणसंही नामी होती. ओस्लोत उघड्यावर शेकडो पुतळे असलेलं विगेलान उद्यान आहे, दादाने तिथे फोटो काढून घेतला होता तेच. तो गुस्ताव्ह विगेलान तरुणपणी पोटासाठी इथे कामाला होता, १८९७ पासून काही वर्षं. गोथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या काळातल्या, पद्धतीच्या मूर्ती आणि पावसाचं पाणी ओकणारी जनावरं त्याने घडवली. त्याला हे काम फारसं मानवलं नाही म्हणतात, दुसऱ्याच्या शैलीत घडवायचं म्हणून. पण पुढे त्याच्या स्वतःच्या कामात ड्रॅगन आणि सरपटणारे प्राणी जागोजाग डोकावतात, ते इथूनच त्याच्या मागे लागले. खाली रस्त्यावरून ही पन्हाळी नीट दिसत नाहीत. दुर्बीण घेऊन या, असं मी दादाला सांगून ठेवलंय.

क्रिस्तीच्या कारकिर्दीच्या दोन टोकांना दोन राज्याभिषेक आले. १८७३ मध्ये दुसरा ऑस्कर, स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींचा राजा. तेव्हा क्रिस्ती नवा, आणि काम नुकतंच मार्गी लागलेलं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, आणि २२ जून १९०६ ला सातवा होकून आणि राणी मोड यांच्या मस्तकावर इथे मुकुट ठेवला. स्वतंत्र नॉर्वेचा तो पहिला राज्याभिषेक आणि शेवटचाही, कारण दोनच वर्षांनी घटनेतलं ते कलमच काढून टाकलं; पुढच्या राजांनी इथे येऊन फक्त आशीर्वाद घेतला. गाभारा, दालन, आडवा भाग आणि मनोरा असा सगळा पूर्वेचा भाग त्या दिवशी क्रिस्तीच्या हातचा होता. त्याच वर्षी तो वारला.

पश्चिमेच्या भिंतीसाठी त्याने आराखडे केले होते, पण त्यांवर इतकी टीका झाली की शेवटी स्पर्धा घेतली, आणि काम ओलाफ नूरहागेन या वास्तुविशारदाकडे गेलं. मग भांडणं सुरू झाली ती काही दशकं पुरली. एका गृहस्थाने तर सारं चर्च सुवर्ण गुणोत्तरावर बेतलेलं होतं असा सिद्धांत मांडून जाडजूड ग्रंथ लिहिला, वर्तमानपत्रं दोन तटांत वाटली गेली. वाचताना करमणूक होते, पण त्याचं इथे लिहीत बसले तर पोस्टाचा खर्च वाढेल. सभामंडप १९३० मध्ये, ओलावच्या मृत्यूला ९०० वर्षं झाली त्या निमित्ताने खुला झाला. दर्शनी भिंतीवरच्या मूर्ती १९८३ मध्ये संपल्या. अधिकृतपणे काम संपल्याचं जाहीर झालं २००१ मध्ये. आणि लगेच पुढच्या दुरुस्त्या सुरू. वरच्या एका मनोऱ्यावरच्या देवदूताला मूर्तिकाराने गायक बॉब डिलनचा चेहरा दिलाय, हे मुद्दाम दादाच्या मुलांसाठी लिहिते. हेमाडपंती देवळावर कुणी असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे.

आता माझं काम. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं तुम्ही लिहिलंत, की समितीतल्या तरुणांना सभामंडपाला आतून टाइल्स आणि बाहेरून ऑइलपेंट हवाय, आणि शिखराच्या भेगांत सिमेंट ओतायचं ठरतंय. तुम्ही बैठकीतून उठून आलात, हे काही मला पटलं नाही. उठून आलात तर ओतणार ते सिमेंटच. परत जा, आणि वाद घालण्याआधी एक करा: दादाला बरोबर घेऊन सगळं देऊळ मोजून घ्या. प्रत्येक खांब, प्रत्येक भेग, ओळंब्यातून भिंत किती सुटली आहे तेही. फोनवर फोटो काढा, पण सोबत टेप धरलेली दिसू द्या. कागदावर आलं की बोलायला आधार येतो, आणि उद्या काही पाडलंच तर निदान काय होतं ते उरतं. पावसाळ्यानंतरचे हे महिने त्याला चांगले.

दुसरं, तुमचा चुन्याचा हिशेब मला लिहून पाठवा. चुना किती दिवस भिजवायचा, वाळू कुठली, घाण्यात किती वेळ मळायचा, गूळ कधी आणि बेलफळाचा गर किती, हिरडा घालायचा की नाही. मी लहानपणी घाण्याभोवती बैलाच्या मागे फिरले आहे, पण प्रमाण विचारायचं सुचलं नव्हतं. बाजारातल्या त्या पाथरवटाला मी सांगितलं की आमच्याकडे चुन्यात गूळ घालतात. त्याला ते लिहून हवंय. इंग्रजी मी करून देईन. तुम्ही मराठीतच लिहा, आणि "अंदाजाने" हा शब्द कृपा करून वापरू नका.

आईला सांगा, मेतकूट आणि भाजणी संपत आली आहे. जानेवारीत इकडचं कुणी पुण्याहून निघणार आहे, त्यांच्याकडे द्यायला सांगते. लोणचं नको, गेल्या वेळी बरणी बॅगेत फुटली होती. थंडी आहे पण घरं उबदार असतात, उगाच काळजी नको. भाताबरोबर इथला सामन मासा मी आता कोकम घालून करते, तो प्रकार आईला आवडणार नाही म्हणून कृती पाठवत नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना पापे. पत्र मिळालं की फोन करा, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांकडे कधी गेलात ती तारीख सांगा. "जाऊ" असं नको.

तुमची,
ताई

ता. क. क्रिस्तीने बांधलेल्या भागाचे जवळून काढलेले फोटो सोबत छापून पाठवते आहे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय जुना दगड कुठला आणि नवा कुठला. दोन फोटोंवर मुद्दाम काही लिहिलेलं नाही. ते तुम्ही ओळखून कळवा, मग मी त्या पाथरवटाला दाखवून घेते.